पुराची जागा

पावसाळ्यात सांगलीच्या घरात, दुकानात, रिक्षात सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो : पुलाजवळ किती फूट? पूल म्हणजे सांगली आणि सांगलवाडी यांना जोडणारा आयर्विन पूल. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते १९२९ मध्ये तो खुला झाला. आज कृष्णेची पातळी त्याच्यापाशीच मोजतात. ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २००५ मध्ये हे पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये ५५ फुटांच्या आसपास. सोळा वर्षांत तीन महापूर आले आणि प्रत्येक वेळी चर्चा पाण्याभोवतीच फिरली : पाऊस किती झाला, कोयना धरणातून किती सोडले, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती अडवले. हे प्रश्न रास्त आहेत. पण सांगलीचा दोनशे वर्षांचा इतिहास समोर ठेवला तर त्यांच्याइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न दिसतो. आलेल्या पाण्याने पसरायचे कुठे? पूर्वी या प्रश्नाला उत्तर होते. गावाची घडी, व्यापाराची रीत आणि काठावरचे रोजचे जगणे यांतून ते आपोआप मिळत होते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपण ते पुसून टाकले. सांगलीच्या पुराचा इतिहास हा पाण्याइतकाच, किंबहुना जास्तच, जागेचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी हा पूर येतो कसा ते नीट समजून घ्यायला हवे. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि मोठी होऊन सपाटीवर उतरते. सांगलीला येईपर्यंत तिचा उतार अगदी कमी झालेला असतो. पुढे शहराला लागूनच हरिपूर आहे. तिथे वारणा येऊन मिळते. त्याही पुढे नृसिंहवाडीला, म्हणजे लोकांच्या तोंडच्या नरसोबावाडीला, पंचगंगा मिळते. चांदोलीच्या डोंगरात आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर एकाच वेळी पाऊस कोसळला की या दोन्ही नद्या दुथडी भरून येतात आणि कृष्णेला पुढे सरकायला वाव उरत नाही. मग पाणी मागे फुगते. सांगलीचा पूर म्हणजे मुख्यतः हा फुगवटा. डोंगरातल्या नदीचा लोंढा दोन तासांत सगळे वाहून नेतो आणि ओसरतो. कृष्णेचे तसे नाही. ती इथे तासाला काही इंच चढते, दिवसच्या दिवस उभी राहते आणि उतरतानाही घाई करत नाही. पाणी काठ फोडून समोरून येण्याआधी नाल्यांतून उलटे आत शिरते आणि ज्याला सांगलीकर ‘ओत’ म्हणतात त्या काठालगतच्या सखल पट्ट्यात पसरते. असा संथ पूर माणसाला सावरायला वेळ देतो, ही त्याची जमेची बाजू. पण त्याला पसरायला मोकळी जमीन लागते. ती मिळाली नाही तर तो घरांत, दुकानांत, गोदामांत जागा शोधतो.

अशा नदीच्या काठी शहर वसवण्याचा निर्णय एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर झाला. पटवर्धनांची जहागीर मिरजेला होती. घरातल्या वाटण्यांच्या वादानंतर १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरज सोडून सांगलीला आले आणि एका लहान खेड्याची राजधानी झाली. त्यांनी काय कुठे बांधले ते पाहण्यासारखे आहे. कुलदैवत गणपतीचे मंदिर नदीजवळ आहे. ज्योतिबाच्या डोंगरातला काळा दगड आणून ते उभारले आणि ते पुरे व्हायला एकोणिसाव्या शतकाची चार-साडेचार दशके उलटावी लागली. गणेशदुर्ग आणि राजवाडा मात्र नदीपासून आत आहेत. किल्ल्याला तटबंदी आणि खंदक होता. पुढे २४ जुलै १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी किल्ल्यातला तुरुंग फोडून बाहेर पडले ते याच खंदकात उड्या टाकून. पेठा वसल्या त्या देऊळ आणि राजवाडा यांच्या आधाराने. गावभाग, पेठभाग, खणभाग, वखारभाग ही नावे आजही रोजच्या व्यवहारात आहेत. ज्या शहरात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी आप्पासाहेबांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले, ते शहर तेव्हा जेमतेम चाळीस-बेचाळीस वर्षांचे होते. शास्त्री, वैद्य, सावकार, कारागीर, कलावंत यांना बोलावून वसवलेले हे गाव होते. नदी त्याच्या दाराशी होती, पण गाव तिच्या पात्रात बसलेले नव्हते.

काठ आणि गाव यांच्यामध्ये जी जमीन होती तिला रिकामी म्हणणे चुकीचे ठरेल. तिच्यावर पीक होते, वर्दळ होती, मालकी होती. पुराने आणलेला गाळ जिथे साचतो ती मळीची जमीन. पाणी ओसरले की तिच्यात भाजीपाला घ्यायचा, काकडी-वांगी लावायची, खताचा खर्च नदीनेच भागवलेला असायचा. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव महाराष्ट्रभर वाखाणली जाते ती या गाळाच्या जोरावर. ओतात पावसाळाभर पाणी असायचे आणि उन्हाळ्यात गुरे चरायची. घाटावर सकाळी आंघोळी आणि पाणी भरणे, दुपारी धुणे, संध्याकाळी पोहणारी पोरे. पूल होण्याआधी सांगलवाडीला जायचे तर नावेत बसूनच जायचे. पावसाळ्यात नदी भरली की होड्यांच्या शर्यती लागायच्या. त्या आजही लागतात आणि दोन्ही काठांवर माणूस मावत नाही. या सगळ्या उपयोगांत एक गोष्ट सारखी होती : पाणी आले तर ते थांबवता येत होते आणि पाणी गेले की पुन्हा सुरू करता येत होते. नाव वर ओढून बांधता येते, गुरे हलवता येतात, वांग्याची लावण पुढे ढकलता येते. पुराने पीक बुडाले तरी गाळ मागे राहायचा. वर्षातले काही आठवडे नदीला परत द्यायची जमीन, असा हा अलिखित करार होता. तो कोणी कागदावर आणला नाही, कारण आणण्याची गरजच पडली नाही.

या कराराचा सर्वांत बोलका पुरावा जमिनीच्या पोटात आहे. सांगलीचे नाव देशभर गेले ते हळदीमुळे. वाई-कऱ्हाडपासून कर्नाटकापर्यंतच्या पट्ट्यात पिकलेली हळद इथे येते आणि पुढे तर मराठवाडा, आंध्र-तेलंगणाची हळदही सांगलीच्या सौद्यांत विकली जाऊ लागली. हळद काढायची, काहिलीत शिजवायची, उन्हात वाळवायची आणि बाजारात आणायची, हे काम पावसाळ्याच्या आत उरकते. पण भाव मनासारखा असेलच असे नाही. माल वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त राखून ठेवावा लागतो आणि हळकुंडाचे मोठे शत्रू म्हणजे कीड आणि ओल. या अडचणीवर सांगली-हरिपूरच्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे पेव. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा खणायचा, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढा अरुंद आणि पोटात रुंद. तळाला आणि कडांना उसाचे पाचट लावायचे, हळद भरायची, तोंड झाकून मातीने लिंपून टाकायचे. आत प्राणवायू उरत नाही, म्हणून कीड जगत नाही. जमिनीचा पोत असा, की ओल आत झिरपत नाही. चांगल्या पेवातली हळद तीन-चार वर्षांनी काढली तरी रंग आणि वजन टिकवून असते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यातही या साठवणीचा वाटा होता.

पेव उघडण्याचे काम जोखमीचे. तोंडावरची माती काढली की लगेच कोणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा निघून जायला काही तास पेव तसेच उघडे ठेवतात. मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. तो विझला तर अजून थांबायचे, तेवत राहिला तर हमाल उतरतो. तो खालून पाट्या भरून देतो, वरचे ओढून घेतात. या कामात तरबेज असलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली. आता विचार करा, हा सगळा खटाटोप कुठे चालला होता? कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरच्या गावात, जिथे दर पावसाळ्यात पाणी चढते. व्यापारी म्हणजे जोखीम मोजणारा माणूस. एका पेवात शेकडो पोती माल असतो आणि त्यावर सावकाराचे पैसे घेतलेले असतात. असा माणूस आपले भांडवल नदीपासून हाकेच्या अंतरावर जमिनीखाली पुरतो, ते पाणी कुठवर येते आणि कुठवर येत नाही याची खात्री असल्याशिवाय नाही. पेव खणायची जागा निवडताना जमिनीचा उंचवटा, मातीचा थर आणि पुराची आठवण, तिन्ही पाहिली जात. ही पेवे म्हणजे पिढ्यांच्या अनुभवाने आखलेली पूररेषाच होती. २००५ च्या महापुरात हरिपुरातल्या पेवांमध्ये पाणी शिरले आणि साठवलेली हळद नासली. त्यानंतर पेवांचा वापर झपाट्याने कमी झाला आणि माल गोदामांत, शीतगृहांत जाऊ लागला. एका साठवणपद्धतीचा शेवट म्हणून या घटनेकडे पाहिले जाते. मला ती त्याहून मोठी वाटते. ज्या जागेवर व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकला ती जागा धोक्यात आली, म्हणजे पाणी आणि जमीन यांचा जुना हिशेब मोडला.

सांगलीपासून थोडे खाली, नृसिंहवाडीला, या हिशेबाचे आणखी एक रूप आजही पाहता येते. तिथले दत्तमंदिर संगमाच्या अगदी काठावर, पुराच्या वाटेतच आहे. दर पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि तिथे त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. पाणी एका बाजूने मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून लोक येतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी यातली व्यवस्था नीट दिसते. खालची जागा नदीची आहे हे मान्य, वर जायची जागा आधीपासून ठरलेली, हलवायच्या वस्तू ठरलेल्या, हलवण्याची वेळ ठरलेली, हलवणारी माणसे ठरलेली. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात आज जे लिहिले जाते ते एका देवस्थानाने नित्याच्या आचारात बसवले आहे. ते आचारात बसले म्हणूनच दरवर्षी न विसरता पाळले जाते.

यावर आक्षेप येईल की हे जुन्या काळाचे गोडवे गाणे आहे. पूर तेव्हाही येत होते, १९१४ मध्येही सांगलीत मोठा पूर आला होता, मातीची घरे कोसळत होती, माणसे आणि गुरे मरत होती. हे खरे आहे आणि जुनी सांगली सुरक्षित होती असा माझा दावा नाही. शिवाय ती व्यवस्था सर्वांना सारखी सोयीची नव्हती. उंचवट्यावरची जागा पैसेवाल्यांची आणि मानकऱ्यांची, पाण्याजवळची जागा ज्यांचे पोटच नदीवर किंवा मजुरीवर होते त्यांची, ही विभागणी बहुतेक नदीकाठच्या गावांत होती आणि ओझे कोणावर पडत होते हे त्यावरून कळते. दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे : लोकसंख्या थोडी होती म्हणून जागा मोकळी राहिली, त्यात शहाणपण कसले? यातही तथ्य आहे. घाट बांधणाऱ्याने किंवा मळीत वांगी लावणाऱ्याने शंभर वर्षांच्या पुराचा विचार करून निर्णय घेतला असे म्हणता येणार नाही. पण हेतू नसला म्हणून परिणाम नाहीसा होत नाही. सखल जमिनीला पीक, चराई आणि नाव यांच्यासाठी किंमत होती तोवर ती मोकळी ठेवण्यात कोणाचे नुकसान नव्हते. तीच जमीन गुंठ्याने विकली जाऊ लागली तेव्हा तिचे मोकळे राहणे मालकाला परवडेनासे झाले. बदल माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा जमिनीच्या किमतीत शोधला तर तो नेमका सापडतो.

हा बदल कसा घडला त्याचे टप्पे स्पष्ट आहेत. मार्च १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि सांगली राजधानीची जिल्ह्याचे ठाणे झाली. आधी दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली असे जिल्ह्याचे नाव झाले. सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये, सहकारी साखर कारखाना, मार्केट यार्ड, दवाखाने यांच्याबरोबर नोकरदार, विद्यार्थी, हमाल, मजूर येत गेले. त्याच सुमारास कोयनेचे धरण उभे राहिले, पुढे वारणेवर चांदोलीचे झाले. धरणांनी शेतीला पाणी आणि राज्याला वीज दिली. त्यांच्याबरोबर एक समजही रुजला : नदी आता माणसाच्या ताब्यात आली. काही वर्षे पूर कमी चढला की ओताकडे पाणथळ म्हणून न पाहता पडीक म्हणून पाहिले जाऊ लागते. सांगलीत हे गुंठेवारीच्या रूपाने घडले. शेतजमिनीचे तुकडे गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले, बिगरशेती परवान्याशिवाय घरे उठली आणि मग रस्ता, वीज, नळ यांसाठी चळवळी झाल्या. गरीब आणि निम्नमध्यमवर्गीय माणसाला शहरात घर मिळण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता, हे विसरून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. पण कागद नियमित झाला म्हणून जमिनीची उंची बदलली नाही. शामरावनगरसारख्या काळ्या मातीच्या सखल भागात साध्या पावसाचे पाणीसुद्धा आठवडेच्या आठवडे साचून राहते, मग पुराची काय कथा.

आज पाणी चढू लागते तेव्हा शहराच्या वाढीचा इतिहास उलट्या क्रमाने वाचता येतो. पुलाजवळची पातळी इशाऱ्याच्या ४० फुटांकडे सरकत असतानाच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, मगरमच्छ कॉलनी इथल्या घरांतून सामान निघू लागते. मग दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता. आधी चुलीवरचे आणि धान्याचे डबे माळ्यावर जातात, मग टीव्ही आणि शिलाई मशीन ओळखीच्या उंच घरात, मग म्हातारी माणसे आणि पोरे महापालिकेच्या शाळेत. सर्वांत शेवटी शेळ्या आणि म्हशी, कारण त्यांना ठेवायला जागा मिळणे सर्वांत अवघड. ज्या वसाहतीच्या नावातच मगर आहे तिथली जमीन मुळात कोणाची होती हे वेगळे सांगायला नको. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आजही आहेत. पाणी पन्नाशी ओलांडते तेव्हा मारुती चौक, बसस्थानक, जुन्या पेठा बुडतात. म्हणजे जो पट्टा पूर्वी पहिले काही फूट पाणी पोटात घेत होता तो भरला गेला आणि तेवढे पाणी पुढे सरकून जुन्या शहरावर आले. नाल्यांचेही तेच झाले. शेरी नाल्यासारखा नाला एकेकाळी पावसाचे पाणी नदीला नेऊन देत होता आणि पूर आला की फुगवट्याचे पाणी आपल्या पोटात घेत होता. आता तो सांडपाणी वाहतो. एकीकडे नदी घाण होते, दुसरीकडे भराव आणि बांधकामांनी नाले अरुंद होऊन पाण्याची ये-जा अडते. नदीचे प्रदूषण आणि नदीचा पूर हे दोन वेगळे विषय म्हणून महापालिकेत चर्चिले जातात. दोन्ही एकाच नाल्यातून जातात.

या टप्प्यावर सर्वांत मोठा आक्षेप उभा राहतो तो अलमट्टीचा. कर्नाटकातल्या या धरणात पाणी अडवल्याने सांगली बुडते, ही भावना इथे खोलवर रुजलेली आहे. ती उगीच आलेली नाही. धरणाची साठवण पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची कर्नाटकाची योजना आहे, कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये तिला अनुकूल निर्णय दिला आणि काठावरच्या माणसाला त्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. उंची वाढवण्याआधी फुगवट्याचा नीट अभ्यास झालाच पाहिजे, या मागणीत काही गैर नाही. पण २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात अलमट्टीला या पुराचे मुख्य कारण मानलेले नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पूरपट्ट्यातली अतिक्रमणे यांच्यावर समितीने बोट ठेवले. या निष्कर्षाशी असहमत असलेले जाणकारही आहेत आणि वाद चालू राहील. मला वाटते, या वादाचा निकाल कसाही लागला तरी जागेचा प्रश्न शिल्लक राहतोच. अलमट्टीमुळे पातळी वाढते असे मानले, तर सांगलीत पाण्याला पसरायला जागा आणखी जास्त हवी. नाही असे मानले, तर आहे ती जागा गमावल्याचा दोष संपूर्ण आपल्याकडे येतो. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी ओत भरण्याचे समर्थन होत नाही.

पावसाबद्दलच्या आक्षेपालाही हेच उत्तर लागू पडते. २०१९ मध्ये पाणलोट क्षेत्रात झाला तसा पाऊस जुन्या सांगलीने पाहिला नसेल, तेव्हा जुनी उदाहरणे गैरलागू आहेत, असे म्हटले जाते. पाऊस असाधारण होता यात शंका नाही. त्या वर्षी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी बोटच उलटली आणि ज्यांना वाचवायचे त्यांचेच जीव गेले. पण पाऊस असाधारण होण्याचे प्रसंग वाढणार असतील तर त्यातून निघणारा अर्थ एकच : पूर्वीच्या सांगलीने पुराला जेवढी जागा दिली होती त्याहून जास्त जागा यापुढे द्यावी लागेल. आपण कमी केली आहे. जुन्या घडीचे अनुकरण करायचे असा माझा आग्रह नाही, ते शक्यही नाही. तिच्यातला नियम मात्र घेण्याजोगा आहे. काठावर असे काही ठेवावे जे पाणी आल्यावर हलवता येईल किंवा बुडाले तरी पुन्हा उभे राहील, आणि जे बुडाल्यावर संसार मोडतो ते वर न्यावे.

राज्याकडे यासाठी साधने नाहीत असे नाही. निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत जुनी आहे. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही, दोन रेषांच्या मध्ये अटींवर करायचे, असा नियम आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे रेषा नकाशावर राहते आणि परवाना देताना, नियमित करताना, भराव टाकताना तिच्याकडे डोळेझाक होते. दुसरी अडचण माणसांची. निळ्या रेषेच्या आत आज जे राहतात त्यांना उठवून देणे म्हणजे पूररेषा पाळणे नव्हे. त्यांच्यातले बरेचसे शहराची हमाली, बांधकाम, घरकाम, भाजीविक्री करतात. कामापासून दहा किलोमीटरवर घर दिले तर ते महिन्याभरात काठावर परततील. विश्रामबागेकडच्या उंच भागात, कामाच्या टप्प्यात, परवडणारी घरे आधी बांधायची आणि मगच काठ मोकळा करायचा, हा क्रम उलटा चालणार नाही. मोकळा झालेला काठ पुन्हा मळी, बाग, मैदान, घाट म्हणून वापरात आला पाहिजे. नुसत्या रिकाम्या जागेवर कोणाचा तरी डोळा असतो, उपयोगात असलेल्या जागेला राखणदार मिळतो. जुन्या सांगलीत ही राखण भाजीवाल्याने, नावाड्याने, गुराख्याने केली होती.

सांगलीची कहाणी एकट्या सांगलीची नाही. वाई, कऱ्हाड, कोल्हापूर, चिपळूण, महाड, पंढरपूर, नाशिक, नांदेड यांतल्या प्रत्येक गावाने नदीला दिलेल्या जागेचा स्वतंत्र इतिहास आहे आणि तो बहुतेक ठिकाणी लिहिलेला नाही. आपण राजवंशांची, देवळांची, थोर पुरुषांची नोंद ठेवतो. कोणता नाला कधी बुजला, कोणत्या पाणथळीवर कधी नगर बसले, पेव खणताना जागा कशी निवडत, याची नोंद ठेवत नाही. ती माहिती हमालांच्या, कोळ्यांच्या, भाजी पिकवणाऱ्यांच्या आणि जुन्या मोजणी नकाशांच्या आधाराने अजून गोळा करता येईल, आणखी एक पिढी गेली तर येणार नाही. शहराचा विकास आराखडा करताना ही माहिती समोर ठेवणे बंधनकारक केले पाहिजे. सांगलीकर पुलाजवळचे फूट मोजण्यात तरबेज आहेत. काठावर पुरासाठी किती एकर शिल्लक आहे, हेही त्यांनी तितक्याच आग्रहाने दरवर्षी महापालिकेला विचारले, तर पुढच्या महापुराच्या आधी काही करता येईल.